पाण्याखालच्या मॅक्रोला टेलीकन्व्हर्टर १.४ की २?

टिळकवाडीकर: दिवाळीनंतर मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला डायव्हिंगला चाललोय, कॅनन ईएफ १०० मॅक्रो (बारीक गोष्टी जवळून टिपणारी लेन्स) आणि हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी पेटी) आहे, समुद्री गोगलगायींची शिंगं ठळक यायला पायजेत, तर टेलीकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारं, चित्र तितक्या पट मोठं करणारं भिंग) १.४ घेऊ की २? सांगा की कोणीतरी.

खानापूरवाला: १.४ च घ्या. त्यात एकच स्टॉप जातो, म्हणजे उजेड निम्मा होतो, २ ला दोन, वर फोकस शोधत बसतंय आणि तोवर लाट तुम्हाला हलवती. अंतर तेवढंच ठेवून १.४ पट मोठं मिळतंय, स्ट्रोबला (पाण्याखालच्या फ्लॅशला) जागा राहते.

निपाणीकर: पण कॅननचा स्वतःचा कन्व्हर्टर ह्या लेन्सला थेट बसत नाही हं, केन्को कंपनीचा बसतो. लेन्स पुढं सरकते म्हणून पोर्टला (हाउसिंगच्या पुढच्या काचेच्या भागाला) लांबी वाढवणारी एक्स्टेन्शन रिंग लागतीच. मला तर वेट डायॉप्टर (पोर्टवर बाहेरून लावायचं क्लोज-अप भिंग) बरा वाटतो, पाण्यातच काढता-घालता येतो, मोठा मासा आला तरी अडत नाही.

टिळकवाडीकर: मग केन्को १.४ आणि रिंग, दोन्हीचा भाव काढतो.