नाकतोड्याचं लूर पाण्याखाली बुडी मारतंय, मरळ नुसतीच बघून जातेय

फलटणचा गळवाला

मंडळी नमस्कार. मामेभावानं अमेरिकेहून येताना रेबेल कंपनीचं क्रिकहॉपर नावाचं लूर, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, आणलं. दीड इंचाचा प्लास्टिकचा नाकतोडा, मागचे पाय दुमडलेले. टेबलावर ठेवला तर पहिली झडप घरच्या मांजरानंच घातली.

गावच्या पाझर तलावावर तीन संध्याकाळी घालवल्या. मी एरवी मरळीसाठी रबरी बेडूक टाकतो, त्यामुळं तोच सात फुटी जाड रॉड आणि २० पौंडाचं तंगूस (गळाची नायलॉनची दोरी). एक तर लूर चार वावाच्या पुढं जाईना. आणि ओढायला लागलं की पाण्याखाली जातं. डब्यावर तर तरंगतं म्हणून लिहिलंय! काल एक मरळ त्याच्या मागं मागं काठापर्यंत आली, थांबली, माझ्याकडं बघितलं आणि वळून निघून गेली. माझं चुकतंय कुठं?

बाभळीखालचा (वाळवा)

लूर बरोबर आहे राव, तुमचा हात बेडकाचा आहे.

त्याच्या तोंडाखाली बोटाच्या नखाएवढी पट्टी आहे बघा. ओढलं की ती पाणी कापते आणि लूर खाली जातं, सोडलं की वर येतं. तरंगतं ते एवढ्याच अर्थानं. बेडकासारखं टपाटप ओढत आणायचं हे काम नव्हे. हे टाकून गप्प बसायचं.

लांब न जाण्याचं कारण तंगूस. लुराचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आत. २० पौंडाचं तंगूस रिळावर वेटोळं घालून बसतं, ते उलगडायची ताकद एवढ्याशा वजनात कुठली? सहा पौंडाचं भरा आणि मऊ टोकाचा हलका रॉड घ्या. पण मग मरळीचा नाद सोडा. त्या लुराचे तीन काट्यांचे गळ बारीक तारेचे असतात, मोठी मरळ एका हिसक्यात सरळ करून जाईल. चिलापी (तिलापिया) माशासाठी ठेवा.

आता मी हे कुठं शिकलो ते सांगतो. वळीव झाला की दिवस मावळताना उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि बांधावरच्या बाभळी-कडुनिंबावर बसतात. आम्ही ऊसवाले, त्यामुळं त्यांच्याशी वैर. फांद्या हलवायच्या, खाली पडतील ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. माझ्या विहिरीशेजारच्या शेततळ्यावर एक बाभळ वाकलीय. तिची फांदी हलवली तर एक भुंगेरा तळ्यात पाठीवर पडला. पाय झाडले, बारीक वलयं उठली. दमला, थांबला. पुन्हा झाडले, पुन्हा थांबला. खाली चिलापी घिरट्या घालत होती, पण भुंगेरा हलत होता तोवर ती आलीच नाही. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा चप्प आवाज आला आणि पाण्यावर एक बुडबुडा राहिला.

हातातली बादली तशीच ठेवून मी घरी गेलो. जुन्या स्लिपरच्या तळव्यातून करंगळीच्या पेराएवढा तुकडा कापला, आठ नंबरच्या गळावर काळ्या दोऱ्यानं आवळला, पायांसाठी दोऱ्याचीच टोकं सोडली. सुनेचं तपकिरी नेलपॉलिश लावलं (ती अजून शोधतेय). तुमच्या अमेरिकन नाकतोड्यापेक्षा दिसायला ओंगळ आहे, पण मासे त्याच्यावर जास्त येतात, कारण त्या दिवसांत वरून तेच पडत असतं.

तेव्हा झाड बघून बसा. फांदीखाली टाका, वलयं पूर्ण विरू द्या. मग रॉडचं टोक इतकंच हलवा की लूर जागच्या जागी थरथरेल. पुन्हा थांबा. आवाज आला की लगेच झटका देऊ नका, तंगूस ताणलं गेल्यावर द्या.

ओहायोकर

काकांशी शंभर टक्के सहमत. मी सिनसिनाटीच्या पूर्वेला राहतो. २०२५ च्या मे-जूनमध्ये आमच्याकडं सतरा वर्षांनी जमिनीतून निघणारे सिकाडा (झाडावर किरकिरणारे किडे) आले होते. काळं अंग, लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख. वीतभर खोलीवरची माती साधारण १८ अंश सेल्सिअसला आली की निघायला लागतात. ईस्ट फोर्क तलावाच्या काठची झाडं इतकी किरकिरत होती की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे.

कार्प हा तळाला तोंड घालून हिंडणारा मासा, तो त्या दिवसांत वर येऊन ओठ बाहेर काढून सिकाडा गिळत होता. पण पहिले चार-पाच दिवस माझ्या फोमच्या सिकाडाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. भरपूर किडे पाण्यात पडून माशांना चव कळल्यावरच धमाल सुरू झाली. आमचा पुढचा हंगाम २०४२ मध्ये. तुमचे भुंगेरे दरसाल येतात, हे केवढं सुख आहे.

फलटणचा गळवाला

बारामतीहून सहा पौंडाचं तंगूस आणलं. काल रात्री वळवाचा शिडकावा झाला होता, म्हणून आज कडुनिंबाखाली बसलो. टाकलं आणि मनात वीस आकडे मोजले. अठरावर चप्प! तळहाताएवढी चिलापी. दुसरी घाईनं झटका देऊन घालवली.

काका, एक विचारायचंय. पलीकडच्या काठाला गवतात तांबड्या रंगाचा एक पुंजका वर-खाली होतोय, त्याच्याखाली मोठी मरळ आहे नक्की. तिथं बेडूक टाकू का?

बाभळीखालचा (वाळवा)

अजिबात नको. ती तिची पिल्लं आहेत. त्या वेळी ती भुकेनं नाही, पिल्लं राखायला अंगावर येते, म्हणून सहज लागते. ती काढली की पिल्लांचा पुंजका चिलाप्या खाऊन टाकतात. कडुनिंबाखालीच बसा. आणि तलावाचा ठेका ज्या संस्थेकडं असेल, तिच्या राखणदाराला आधी विचारलंय ना?

फलटणचा गळवाला

विचारलंय. त्यालाच चिलापी दिली.