राजपुरीच्या खाडीत नांगरून शिडाच्या बोटीवर राहायचंय. रोजचा दिवस कसा जातो?

डोंबिवली_ते_दर्या

नमस्कार मंडळी. मी आणि बायकोने मिळून ३१ फुटी, फायबरची जुनी शिडाची बोट घेतली आहे. सध्या ती मुंबईत आहे. दिवाळीनंतर खाली आणून जंजिऱ्याच्या आसपास राजपुरीच्या खाडीत नांगरायची आणि उन्हाळ्यापर्यंत तिच्यावरच राहायचं, असा बेत आहे. माझं काम लॅपटॉपवरचं, बायको भाषांतरं करते. रेंज आणि वीज असली की दोघांचं भागतं. सुट्टीच्या दिवशी मांडव्यापर्यंत शिडावर जाऊन आलोय, पण बोटीवर मुक्काम असा कधी केला नाही.

व्हिडिओंमध्ये सगळे निळ्या पाण्यात पाय सोडून बसलेले दिसतात, त्यातून काही कळत नाही. जंजिऱ्याला वारा फार असतो म्हणतात. त्या वाऱ्यात झोप लागते का? स्वयंपाक, पाणी, धुणं, बाजार कसा जमवता? बायकोचा एकच प्रश्न आहे: "दुपारी तीनला मीटिंग असली तर काय टेबलाला धरून बसणार?" खरंखरं सांगा, धीर देऊ नका.

तरंगतं_माजघर

तुमच्या बायकोने नेमकं बोट ठेवलंय. सकाळी नऊची मीटिंग असेल तर खुशाल घ्या. तीनची असेल तर आधी पंचांग बघा.

थट्टा करत नाहीये. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे मतलई असते, डोंगराकडून येणारी, कोरडी आणि गार. खाडी तेव्हा सपाट. दहाच्या सुमारास ती पडते, थोडा वेळ पानही हलत नाही, आणि बारापर्यंत वायव्येचा खारा वारा उठतो. तीन ते पाच त्याचा भर. दिवस बुडाला की उतरतो. मार्चनंतर मात्र मतलई नावापुरतीच उरते आणि दुपारचा वारा रात्रीच्या जेवणापर्यंत रेंगाळतो. १८-२० नॉटचे झोत तेव्हा नेहमीचे. दहाचा वारा वीस झाला की बोटीवरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, हे नांगराची साखळी घेताना लक्षात ठेवा.

नुसत्या वाऱ्याचा जाच होत नाही हो. बोट वाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून उभी राहते, डुलते, आपल्यालाही सवय होते. जाच सुरू होतो वारा आणि पाणी एकमेकांच्या विरुद्ध निघाले की. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही आजीला विचारा. पौर्णिमा किंवा अमावास्या घ्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून साडेपाचपर्यंत ओहोटी, आणि तीही उधाणाची, अख्खी खाडी समुद्राकडे ओढणारी. नेमका त्याच वेळी खारा वारा समुद्राकडून आत घुसत असतो. बोट पाण्याचं ऐकून गावाकडे तोंड करते, वारा मागून ढकलतो, मग ती मधेच आडवी होते, साखळी कीलला, म्हणजे बुडाखालच्या पात्याला, घासत जाते आणि आखूड, उभ्या लाटा बुडाखाली थाडथाड बसतात. अशा दुपारी चहा मगात अर्धाच घ्यायचा आणि मग हातातून सोडायचा नाही.

अष्टमीला याच्या उलट. सहाला भरती, बाराला ओहोटी, मग दुपारभर पाणीही आत आणि वाराही आत. त्यात भांगाचं पाणी, म्हणजे ओढ कमी. त्या दिवशी तीनची मीटिंग निवांत होते. आमचे हे सुरुवातीला हसायचे, आता स्वतःच क्लायंटला सांगतात, "पुढच्या आठवड्यात बसू." का ते सांगत नाहीत.

त्यामुळे आमच्याकडे किनाऱ्याची सगळी कामं वारा उठायच्या आत. उजाडलं की डिंगी, म्हणजे बोटीची छोटी होडी, घेऊन जेटीला. पाण्याचे वीस लिटरचे कॅन भरायचे, मासळी, भाजी, दूध, कचऱ्याची पिशवी टाकायची, साडेदहाला बोटीवर परत. उशीर झाला तर सरळ गावात थांबते. भरल्या कॅनने जड झालेली डिंगी दुपारच्या लाटेवर वल्हवत आणायची हौस मला नाही. दोघांना दिवसाला वीस लिटर पुरतं. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि शेवटचा एकच हात गोड्या पाण्याचा. (खाडी गढूळ दिसली की तेही नाही.) धुणं सकाळीच, आणि मतलईत वाळलेलं अकराच्या आत आत घ्यायचं. खाऱ्या वाऱ्यात राहिलेला टॉवेल वाळतो, पण रात्री हवेत दमटपणा आला की पुन्हा ओला. मीठ पाणी धरून ठेवतं. गाद्यांच्या खोळींचं तेच. म्हणून ओल्या चड्डीने आत येणाऱ्या माणसाला आमच्या बोटीवर गादीवर बसायला मिळत नाही, पाहुणा असला तरी.

स्वयंपाकाला शेगडी झुलती हवी, बोट कलली तरी सपाट राहणारी. आणि सगळ्यात मोठा आधार कुकरचा. झाकण लागलेलं, उपडा झाला तरी भात सांडत नाही, गॅसही कमी. पोळ्या जमतात. पोळपाटाखाली ओलं फडकं घाला, म्हणजे तो जागचा हलत नाही. स्वतः मात्र कंबर ओट्याला टेकवून, एक पाय समोरच्या कपाटाला रेटून उभं राहायचं. लाटणं हातातून सुटलं की ते थेट बोटीच्या तळात, आणि तिथे डिझेलचा वास असतो. तळण मी करत नाही. भजी खायची तर मुरूडला जाऊन खावी.

झोपेचं विचारलंत. हिवाळ्यात झोप उत्तम लागते, पण आधी दोऱ्यांचा बंदोबस्त करा. शीड चढवायच्या दोऱ्या डोलकाठीवर टण टण टण आपटत राहतात आणि ॲल्युमिनियमची पोकळ काठी तो आवाज सरळ उशीत आणून सोडते. आसपासच्या बोटीही शिव्या घालतात. संध्याकाळी त्या ओढून बाजूच्या तारांना रबरी दोरीने बांधायच्या, काठीपासून लांब. मध्यरात्रीनंतर मतलई सुरू झाली की बोट अर्धं वर्तुळ फिरते. सुरुवातीला तेवढ्यानेही जाग येते. नंतर फिरली नाही तर येते. आणि हॅचला, म्हणजे छतातल्या झडपेला, मच्छरदाणी लावा, ती मतलई कांदळवनातले डास घेऊन येते.

राजपुरी_जेटी

ताई बोलल्या ते खरं हाय. मी इथलाच. माझी शिडाची होडी हाय, किल्ल्याला माणसं नेतो.

दादा, जागेचं सांगतो. किल्ल्याच्या आतल्या अंगाला आडोसा दिसतो म्हणून नवीन माणूस तिथंच नांगर टाकायला बघतो. टाकू नका. खाली दगड हाय, नांगर फटीत बसला तर निघत नाय, आणि दिवसभर आमच्या होड्यांची ये-जा चालू. थोडं आत खाडीत या. तिथं चिखल हाय, नांगर चांगला धरतो. पण दिघीच्या बंदराला बार्ज नि मोठी जहाजं जातात, त्या बोयांच्या वाटेत थांबायचं नाय. आगरदांड्याची जंगलजेट्टी, गाड्या नेणारी फेरी, जाते ती वाट पण सोडा.

दुसरं जाळ्यांचं. काळोखात आत येऊ नका. डोल, म्हणजे पाण्यात रोवलेली जाळी, लावलेली असते, वर नुसता एक डबा नाय तर थर्माकोलचा तुकडा दिसतो. पंख्यात दोर गुंडाळला तर तुमचा दिवस गेला आणि ज्याचं जाळं फाटलं त्याचा महिना.

तिसरं दिव्याचं. डोलकाठीच्या टोकाला पांढरा दिवा लावता तो कायद्याला बरोबर हाय. पण पहाटं तीनला निघालेला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, वर आभाळात बघत नाय, समोर बघतो. डोक्याएवढ्या उंचीवर अजून एक दिवा ठेवा. रात्रभर.

आणि आल्यावर पहिल्या दिवशी बंदर ऑफिस नि सागरी पोलिसांना भेटून कागद दाखवा, मोबाईल नंबर देऊन या. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अनोळखी बोट दिसली की कोणीतरी १०९३ ला, सागरी सुरक्षेच्या नंबरला, फोन लावतोच, लावायलाच पाहिजे. सांगून ठेवलं की रात्री टॉर्च मारून उठवायला कोण येत नाय.

इंजिनरूम_निवृत्त

ताईंनी कुकरचं कौतुक केलं, गॅसचं सांगायचं राहिलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून बाहेर तरी जातो. बोटीला खाली दार नसतं. तो तळात साचून राहतो आणि पंपाच्या एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडर बाहेर, कॉकपिटच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवा, कप्प्याच्या तळाला समुद्राकडे उघडणारं भोक असू द्या, आणि चहा झाला तरी व्हॉल्व्ह सिलिंडरपाशी बंद करा. शेगडीचं बटण हे बंद करणं नव्हे.

आता वीज. इथे हिवाळ्यात २०० वॉटचं सोलर पॅनल १२ व्होल्टच्या बॅटरीत दिवसाला साधारण ७० अँपिअर-तास घालतं, तेही सावली पडली नाही तर. नांगरलेली बोट दिवसभर फिरत असते, डोलकाठीची नाहीतर बूमची, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याची, सावली कुठेतरी पडतेच. दोन लॅपटॉप दिवसभर चालले तर ४० गेले. छोटा फ्रीज आणखी ४० खातो. झालं की नाही दिवाळं? एकतर पॅनल ४०० वॉटचं करा, नाहीतर फ्रीज काढा. मी म्हणतो, फ्रीज काढा. समोर ताजी मासळी येते आणि तुम्ही बर्फात काय ठेवणार?

तरंगतं_माजघर

दही ठेवणार. तुम्हाला आयतं ताटात मिळत असणार, म्हणून फ्रीज नको वाटतो. गॅसचं मात्र शंभर टक्के बरोबर.

डोंबिवली_ते_दर्या

सगळ्यांचे आभार, बायकोने हा धागा माझ्याआधी वाचला. तिचं म्हणणं, पंचांग ती सांभाळेल, पोळ्या मी कराव्यात. ठीक आहे.

दोन शंका. एक, साखळी किती सोडायची? बोटीवर ८ मिमीची ३० मीटर साखळी आहे आणि पुढे दोर. विकणारा म्हणाला भरपूर झाली. दोन, जेटीला डिंगी बांधून बाजारात गेलो तर मागे तिचं काय होतं? आमची हवा भरायची आहे.

तरंगतं_माजघर

विकणारा मांडव्याला जेवून परत येणारा असणार. हिशेब करा. ओहोटीला पाच मीटर पाणी बघून नांगर टाकलात. उधाणाला त्यावर तीनेक मीटर चढतं. नाळेची उंची पाण्यापासून एक मीटर. झाले नऊ. साखळी पाचपट धरा: पंचेचाळीस मीटर. दोर जोडून काम भागवणार असाल तर सातपटीच्या हिशेबाने धरा, कारण दोराला वजन नसतं, तो नांगराला वर ओढतो. ८ मिमी जाडी तुमच्या बोटीला ठीक आहे. ५० मीटर अखंड साखळी घ्या आणि नाळेपाशी सातआठ मीटरचा नायलॉनचा दोर साखळीला हुक करून भार त्याच्यावर द्या. नायलॉन ताणतो, धक्का तो खातो. साखळीची खरखरही आत ऐकू येत नाही, आणि ती आवाजाची जागा बरोबर तुमच्या उशाखाली असते.

एवढी साखळी सोडली की ओहोटीला तुमचं फिरण्याचं वर्तुळ मोठं होतं, त्रिज्या पन्नास मीटरच्या वर. शेजारच्या मासेमारी बोटी आखूड दोरावर असतात, त्या तुमच्यासारख्या फिरत नाहीत. एखादी आत्ता लांब दिसते म्हणून तिच्या बगलेत थांबू नका. नांगर टाकल्यावर इंजिन मागे घेऊन जोर देऊन बघायचं, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, आणि मोबाईलमध्ये नांगराचा अलार्म लावायचा. खारा वारा आणि मतलई बदलताना नांगर उलटा फिरून पुन्हा चिखलात शिरायचा असतो. घसरला तर बहुतेक तेव्हाच घसरतो.

डिंगीचं राजपुरीकर भाऊच सांगतील.

राजपुरी_जेटी

हवेची डिंगी पायऱ्यांना घासू देऊ नका. कालवं असतात, ब्लेडसारखी. रबर फाडतात, पाय पण. चप्पल घालून उतरा, शेवाळावर खालची पायरी धोक्याची. दोर लांब ठेवा. भरतीला आखूड बांधून गेलात तर येईपर्यंत डिंगी भिंतीला लोंबकळत असते. ओहोटीला कडेला गुडघाभर चिखल, तेव्हा वेळ बघून निघा. कोणी नसलं तर माझ्या होडीच्या मागं बांधा, पोरं बघतील.

एक विचारलं नाय तुम्ही, ते सांगतो. दिवाळीनंतर येताय, बरं हाय, पण फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबरला आलं होतं, २००९ साली. रोज हवामान खात्याचा इशारा बघा. आणि उन्हाळ्यापर्यंत म्हणता, तर १० मेच्या आत बोट इथून हलवा. २०२१ ला तौक्ते मेमध्येच गेलं, आणि निसर्ग ३ जून २०२० ला आमच्या डोक्यावरूनच. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याच्या आधीपासून आम्ही बोटी वर ओढून शाकारायला घेतो. तेव्हा तुम्हाला मदतीला माणूस मिळणार नाय. बोट वर काढायची क्रेन मुंबईत ठरवणार असाल तर तारीख मार्चमध्येच घेऊन ठेवा.

डोंबिवली_ते_दर्या

घेतो. साखळीची चौकशी उद्याच. भाऊ, जेटीवर पाण्याच्या कॅनचे पैसे कोणाला द्यायचे?

राजपुरी_जेटी

या तर खरं. नळावर बाया असतात, त्यांना विचारूनच भरा. सकाळी सातच्या आत, नाय तर लाईन लागते.