[मंडळ-यादी] ठाण्यात निवांत गप्पांसाठी जागा सुचवा

पाचपाखाडी, ठाणे येथून

नमस्कार मंडळी,

ठाण्याला परत राहायला आल्यापासून मंडळाच्या ईमेल-यादीवरचं सगळं वाचते, लिहिणं मात्र कमीच होतं. आज मदत हवी आहे म्हणून लिहिते आहे.

न्यू जर्सीला असताना ज्यांच्या बेसमेंटमध्ये आपल्या दिवाळी पहाटेच्या तालमी व्हायच्या, ती मंडळी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इकडे येत आहेत. तीन जोडपी. त्यांच्या घरची लग्नं, नातेवाइकांकडची जेवणं, डॉक्टर, बँकेची कामं असं सगळं आटपून एक संध्याकाळ आमच्यासाठी काढली आहे. घरी बोलावू शकते, पण मग मी ओट्यापाशी आणि गप्पा बाहेरच्या खोलीत, हे मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांनी भेटतोय, मला त्यांच्यात बसायचं आहे.

तर जागा अशी हवी: समोर पाणी, डोंगर किंवा निदान झाडं असावीत. तीन तास बसलं तरी बिल पुढ्यात ठेवून कुणी उभं राहू नये. दोघं शाकाहारी आहेत, दोघांना मासे हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आमच्यातल्या एकाला हल्ली श्रवणयंत्र लागतं. मागच्या आठवड्यात एक गच्चीवरची जागा पाहून आले. फोटोत फार सुंदर दिसत होती. प्रत्यक्षात प्रत्येक कोपऱ्यात स्पीकर, आणि ऑर्डर सांगायला मला वेटरच्या कानाशी वाकावं लागलं. पनवेलपासून घोडबंदरपर्यंत कुठलंही सुचवा, येऊ.

---

सीवूड्स, नवी मुंबई येथून

ताई, नमस्कार.

नावं सुचवण्याआधी आमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो, म्हणजे शोधाशोध वाचेल. नवी मुंबईत खाडी सगळीकडे आहे, पण खाडीला खेटून टेबल मांडलेलं नियमातलं हॉटेल जवळजवळ मिळणार नाही. कारण मधे तिवरं आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरं तोडायला आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम करायला बंदी घातली, २०१८ च्या निकालात ती कायम केली. उत्तम झालं, त्यामुळेच पाम बीच रोडच्या पलीकडचा हिरवा पट्टा अजून दिसतो. पण त्याचा अर्थ असा की तळमजल्यावरच्या हॉटेलातून तिवरं दिसतात आणि पाणी बघायचं तर वरच्या मजल्यावर जावं लागतं. वरचा मजला म्हणजे बहुतेक ठिकाणी रूफटॉप, आणि रूफटॉप म्हणजे संगीत.

म्हणून पाणी आणि जेवण एकाच खुर्चीवर बसून मिळायला हवं, हा आग्रह मी सोडून दिला आहे. पाहुणे आले की आधी त्यांना पाण्याकाठी नेतो, जेवायला नंतर वेगळीकडे. वाशीला सेक्टर ८ मध्ये सागर विहार आहे. समोर पश्चिमेला ठाण्याची खाडी, डावीकडे वाशीचे पूल, बसायला जागा. तुमच्या ठाण्यात खाडी पूर्वेला पडते, सूर्य येऊरच्या डोंगरामागे जातो. पाण्यावरचा सूर्यास्त हवा असेल तर खाडीच्या आमच्या काठालाच यावं लागतं.

वेळ मात्र भरती पाहून ठरवा. ओहोटीला खाडीत पाणी कमी आणि चिखल जास्त, वासही येतो. इकडच्या कोळीवाड्यांतला ठोकळ हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ पाऊण सहा, सहाच्या सुमाराला भरती. डिसेंबरात सूर्यही सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे सप्तमी-अष्टमीला, शुद्ध असो की वद्य, खाडी भरलेली आणि सूर्य टेकलेला असं दोन्ही मिळतं. उलट चतुर्थीला तीन वाजता भरती होऊन गेलेली असते, सहाला पाणी ओसरत असतं. खाडीत आत याल तशी भरती थोडी उशिरा पोचते, तेवढं धरून चाला.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायची कुणाला हौस असेल तर डिसेंबरची पहिली अर्धी म्हणजे जरा लवकरच. त्यांचे मोठे थवे जानेवारीनंतर दिसतात. त्यांचं गणितही उलटं आहे. ते चिखलात चरतात, म्हणून खाडीवर ओहोटीला दिसतात. भरतीला चिखल बुडला की नेरुळच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. ठाणे खाडी २०१५ पासून रोहितांचं अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटही निघते, पण तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम करा. गप्पांच्या दिवशी घालू नका.

गाडी काढू नका. ठाण्याला नऊ-दहाच्या फलाटावरून वाशीची लोकल पकडा.

---

घोडबंदर रोड, ठाणे येथून

ताई, काकांनी खाडीचं सगळं सांगितलंच आहे, मी डोंगराच्या बाजूचं सांगते.

दुपार चालणार असेल तर उपवन तलावाचा विचार कर. येऊरच्या पूर्व पायथ्याला असल्यामुळे हिवाळ्यात तिथे सावली लवकर उतरते. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तलाव शांत असतो. पाचनंतर चालायला येणारे, गाड्या, खाण्याचे ठेले, सगळं एकदम वाढतं. पोखरण रोडच्या बाजूला झाडाखाली किंवा अंगणात टेबलं असलेल्या जागा आहेत, त्यांपैकी एखादी साडेबाराला गाठायची आणि चार वाजता तलावाला एक फेरी मारायची.

येऊर सुचवणारे बरेच भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: संध्याकाळच्या जेवणाला येऊर नको. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाचंच अंग आहे. बिबटे आहेत, पाड्यांवर आदिवासी कुटुंबं राहतात. रात्रीच्या जेवणावळींचे दिवे आणि गाणी यांनी त्या सगळ्यांना वर्षानुवर्षं त्रास झाला आहे. सकाळी जाऊन चालून या, उजेड असताना खाली उतरा.

गायमुखला खाडी रुंद आहे, पलीकडे डोंगर आहेत, जागा खरंच देखणी आहे. पण संध्याकाळी घोडबंदर रोडवर अवजड वाहनं आणि मेट्रोच्या कामातून जाताना तुमचा वेळ रस्त्यातच संपेल. तलावपाळी मला फार प्रिय आहे, गडकरी रंगायतनचा प्रयोग संपवून तिथे रेंगाळण्यात मी वाढले. तिथे बसायचं नाही, एक चक्कर मारायची. आणि पाहुण्यांना मामलेदारची मिसळ खाऊ घालायचीच असेल तर ती सकाळी, गप्पांच्या बैठकीशी तिची गाठ घालू नका. तिथे आपलं खाऊन झालं की पुढच्याला जागा द्यायची असते.

---

न्यू जर्सी येथून

अगं, ही सगळी मेल्स आम्ही दोघं जेवताना मोठ्याने वाचतोय!

श्रवणयंत्र आमच्याकडचंच, यांचं, तेव्हा मीच लिहिते. लोकांना वाटतं यंत्र लावलं की प्रश्न मिटला. घरात खरंच मिटतो. हॉटेलात मात्र यंत्र माणसाच्या बोलण्याबरोबर ताटल्यांचा, खुर्च्या सरकवल्याचा, मागच्या टेबलावरच्या हसण्याचाही आवाज वाढवून देतं. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती आणि नुसतं काँक्रीटचं छत असलं की आवाज कुठेच मुरत नाही, सगळा परत येतो. मग प्रत्येक टेबल थोडं जोरात बोलतं, म्हणून शेजारचं आणखी जोरात. अर्ध्या तासात हे बोलायचंच सोडून देतात, नुसते मान हलवत बसतात. बाकीच्यांना वाटतं दमले असतील. मला ते बघवत नाही.

आम्हाला उपयोग झालेल्या गोष्टी सांगते. लांबट टेबलापेक्षा गोल टेबल, म्हणजे प्रत्येकाचे ओठ दिसतात. यांची पाठ गर्दीकडे आणि तोंड आपल्याकडे, कारण यांचं यंत्र समोरचा आवाज जास्त उचलतं. चेहऱ्यांवर उजेड हवा, मेणबत्तीच्या मिणमिणत्या प्रकाशात ओठ दिसत नाहीत. उघड्यावर आवाज घुमत नाही हे खरं, पण वारा असला की यंत्राच्या माइकवर नुसती घरघर होते. त्यामुळे खाडीकाठी तासभर आनंदाने बसू, मुख्य बोलणं मात्र आडोशाला होऊ दे.

पाणी दिसलं नाही तरी आमची काही तक्रार नाही. इकडे तळी भरपूर आहेत. तुमचा आवाज ऐकायला येतोय आम्ही.

---

वाशी, नवी मुंबई येथून

थोडक्यात लिहितो, कामाचं तेवढं.

फोटो आणि तारे पाहून ठरवू नका, फोन करा. विचारायचं ते असं: संगीत चालू असतं का, आणि आपल्या टेबलाजवळचा स्पीकर बंद करता येईल का? त्या दिवशी वरच्या हॉलमध्ये किंवा शेजारच्या लॉनवर लग्न, मुंज, वाढदिवस काही आहे का? डिसेंबरात लग्नसराई असते, हा प्रश्न विसरू नका. दुपारी साडेतीन ते सात बंद असतं का? बऱ्याच ठिकाणी असतं. मुदपाकखान्याच्या दारापासून लांबचं कोपऱ्यातलं टेबल मिळेल का? फोनवर बोलताना मागचा आवाजही ऐका, रात्री साडेआठला फोन केलात तर तिथली परिस्थिती आपोआप कळते.

रात्री दहानंतर उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, पण आपल्याला दहाच्या आधीचे तास हवेत. म्हणून सातला, दार उघडल्याबरोबर जाऊन बसा. आपल्याकडे लोक साडेआठ-नऊला जेवायला बाहेर पडतात. तोपर्यंतचा दीड-दोन तास हॉल जवळजवळ तुमचाच. वारही बघा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासे-मटणाच्या हॉटेलांत गर्दी खूप कमी असते. शाकाहारीवाल्यांचीही तिथे सोय असते.

बिलाचं: ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या जेवणावर जीएसटी १८ टक्के आहे, साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. आठ माणसांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो. तरी मोठ्या हॉटेलांत गालिचे, जाड पडदे, एकमेकांपासून दूर मांडलेली टेबलं असल्याने शांतता खात्रीची असते, हेही खरं. सेवाशुल्क म्हणून काही लावलं असेल तर ते ऐच्छिक आहे, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तसंच सांगितलं आहे. नको असेल तर काढायला सांगता येतं. पण तीन तास टेबल अडवलं आणि वेटरने हसतमुखाने पाणी भरत ठेवलं, तर त्याच्या हातात चांगली बक्षिसी ठेवा. तीन तासांत त्या टेबलावर आणखी एक कुटुंब जेवून गेलं असतं.

---

पाचपाखाडी, ठाणे येथून

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा पाऊणकीचा हिशोब मी कालनिर्णय काढून लगेच करून पाहिला.

आज वाशीला जाऊन आले. असं ठरवते आहे: साडेचारला सगळ्यांनी सागर विहारला यायचं. थर्मासमध्ये चहा आणि थोडी कोथिंबिरीची वडी मी आणते, बाकी कुणी काही आणू नका. सव्वासहाला तिथून उठायचं. सातला जवळच्या एका हॉटेलात तळमजल्यावरचं आतलं टेबल सांगितलं आहे. तिथून खाडी दिसत नाही, पण खिडकीबाहेर बदामाची झाडं आहेत, छत बुटकं आहे, पडदे जाड आहेत आणि टेबल गोल आहे. रात्री मुद्दाम पावणेनऊपर्यंत थांबून ऐकलं. मागच्या टेबलावर सहा जण होते तरी मला माझ्या बहिणीशी हळू बोलता आलं. मॅनेजरने स्पीकर बंद करायचं कबूल केलं आहे, आदल्या दिवशी फोन करून पुन्हा आठवण करीन.

उपवन मला मोहात पाडत होतं, पण दुपारी तुम्हा सगळ्यांची बँकांची आणि डॉक्टरांची कामं असणार. शिवाय तुमच्यातले दोघे पनवेलला उतरणार आहेत, त्यांना वाशी सोपं. उपवनला आपण सकाळी फिरायला जाऊ, ज्यांना जमेल त्यांनी या.

आता दिवस. त्या पंधरवड्यातली अष्टमी गुरुवारी येत नाही. दोन्हींपैकी एक निवडायचं, तर मी गुरुवार धरते. पाणी ओसरलेलं चालेल, आजूबाजूची टेबलं रिकामी हवीत.

फक्त एवढं कळवा: मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून मासे कोण खाणार नाही? हॉटेलवाल्याला रविवारपर्यंत सांगायचं आहे, तो सुरमई त्या हिशोबाने आणून ठेवतो.