चर्चा: एकाच क्लाउडला कोड बांधून घ्यायचा का?
(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी सोलापुरातल्या भागांची नावं दिली आहेत.)

अक्कलकोट रोड:
आमची चार जणांची टीम. सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी ऑर्डरी, सुताचा साठा आणि डिझाइनचे फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवतो. सुरुवातीला जो क्लाउड (इंटरनेटवरून सर्व्हर आणि साठा भाड्यानं देणारी सेवा) हाताशी होता, त्याचीच लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरत गेलो. गेल्या वर्षी बिल परवडेना म्हणून दुसरीकडे जायचं ठरवलं, तेव्हा कोड उघडून मोजलं. फाइल चढवणं-उतरवणं ४१ ठिकाणी लिहिलेलं. एरर पकडायच्या ओळीतसुद्धा त्याच कंपनीचे एरर. ऐन दिवाळीच्या ऑर्डरींच्या तोंडावर सात आठवडे त्यातच गेले.

आता फाइलींचं सगळं काम अपाची लिबक्लाउडमधून होतं. ही पायथन भाषेतली मुक्तस्रोत (कोड सर्वांना उघडा असलेली) लायब्ररी २००९ साली क्लाउडकिक कंपनीत सुरू झाली, २०११ मध्ये अपाची या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प झाली. ड्रायव्हर (त्या-त्या क्लाउडशी बोलणारा भाग) घेताना पुरवठादाराचं नाव आणि खात्याच्या चाव्या द्यायच्या. पुढचं ‘अपलोड ऑब्जेक्ट’, ‘डाउनलोड ऑब्जेक्ट’ सगळीकडे सारखंच. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर मिनआयओ (आपल्याच मशीनवर क्लाउडसारखा फाइलसाठा देणारं सॉफ्टवेअर) बसवलंय, टेस्ट त्याच्यावर चालतात. माझं ठाम मत आहे: लहान टीमनं पहिल्या दिवसापासून असंच लिहावं.

सात रस्ता:
दादा, सात आठवडे गेले हे वाईटच झालं. पण उपाय पटला नाही. अशा लायब्ररीत सगळ्या क्लाउडांत सामाईक असेल तेवढंच मिळतं. अमेझॉनच्या एस३ या साठ्याच्या सेवेमध्ये जुन्या फाइली ठरावीक दिवसांनी आपोआप स्वस्त साठ्यात टाकायचा नियम लावता येतो, फाइल आली की आपोआप फंक्शन (छोटा कोड) चालवता येतं. लिबक्लाउडच्या सामाईक भागात यातलं काहीच नाही. मग तुम्ही ‘एक्स अंडरस्कोअर’नं (ex_) सुरू होणारे पॅरामीटर वापरणार. ते त्या-त्या क्लाउडचे खास. एकदा ते आले की कोड परत बांधलाच की ओ!

आपल्याकडच्या भाषेत सांगतो. जॅकार्डची कार्डं (विणायची नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं) एका मागावरून काढून दुसऱ्यावर चढवता येतात, पण हूक सारखे असतील तरच. इथं प्रत्येक क्लाउडचे हूक वेगळे आहेत.

विजापूर वेस:
मी यात बरीच वर्षं आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. मधली लायब्ररी घेतली की तिचं आयुष्यही आपल्या गळ्यात येतं. रेड हॅट कंपनीनं सुरू केलेलं डेल्टाक्लाउड याच कामासाठी होतं, तेही अपाचीतच. २०१५ मध्ये बंद झालं. क्लाउड चालूच राहिले, सर्वांना जोडणारा पूल गेला.

आणि ‘आम्ही टेराफॉर्म (क्लाउडवर काय उभारायचं ते फाइलीत लिहून द्यायचं साधन) वापरतो, म्हणजे आम्ही मोकळे’ असं समजणाऱ्यांनीही नीट बघावं. भाषा एक असली तरी प्रत्येक पुरवठादाराची रिसोर्स (सर्व्हर, साठा वगैरे) वेगळी लिहावी लागतात. मुंबईतल्या अमेझॉनच्या एडब्ल्यूएससाठी लिहिलेली फाइल पुण्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअरवर तशीच चालत नाही. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पनं त्याचा परवानाच बदलला, ते मुक्तस्रोत राहिलं नाही. त्यातून ओपनटोफू वेगळं निघालं, आज ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे.

अक्कलकोट रोड:
सर, डेल्टाक्लाउडचं खरं आहे. पण त्याचा कोड उघडा होता, कुणालाही पुढे नेता आला असता. ओपनटोफू तसंच जन्मलं ना? क्लाउडवाल्यानं सेवा बंद केली तर आपल्या हातात काय राहतं?

सात रस्ता, ‘एक्स’चा मुद्दा मान्य. आमच्याकडे तसा एकच आहे, साठ्याचा वर्ग ठरवणारा. पण तो नावावरूनच ओळखू येतो. नवीन आलेल्या मुलीनं ‘एक्स अंडरस्कोअर’ शोधलं आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, कुठे अडकलोय ते. आधीच्या कोडमध्ये हे कळायलाच तीन दिवस लागले होते.

सात रस्ता:
ते ठीक. पण डेटाबेसचं काय? फाइली हलवणं सोपं. खरी गाठ तिथं बसते, आणि ती लिबक्लाउड सोडवत नाही. बाहेर नेलेल्या डेटाचे पैसेही बऱ्याच ठिकाणी लागतात, लायब्ररी कुठलीही असो.

जुळे सोलापूर:
मला दोघांचंही थोडं पटतं, पण मी तिसरंच करतो. स्वतःची एक लहान फाइल: ठेव, आण, पूस, यादी दे. चार फंक्शन. आत बोटो३ (अमेझॉनची स्वतःची पायथन लायब्ररी) आहे की लिबक्लाउड, हे बाकीच्या कोडला माहीतच नाही. डेटाबेस साधा पोस्टग्रेस, कारण तो कुठेही मिळतो.

विजापूर वेस:
हे मला पटतं. लायब्ररी मेली तरी एकच फाइल बदलायची.

अक्कलकोट रोड:
मग माझ्या ४१ जागांतल्या ४० तरी वाचल्या असत्या, हे कबूल. पण त्या चार फंक्शनांच्या आत मी लिबक्लाउडच ठेवेन. चुकीची चावी, नसलेलं कंटेनर (फाइली ठेवायचा कप्पा), यांचे प्रत्येक क्लाउडचे एरर वेगळे. ते एका साच्यात आणायचं काम तिथल्या लोकांनी करून ठेवलंय. चार जणांनी ते परत कशाला करायचं? डेटाबेसबाबत सात रस्ता बरोबर आहेत. आमचा अजून जुन्याच क्लाउडवर आहे, त्यांच्या खास सेवेत. पोस्टग्रेसवर आणायला घेतलाय, सुताच्या साठ्याचं टेबल कालच हललं.