सोलापूरहून आम्ही तिघी: मुंबई आणि निवांत समुद्र, खासगी गाडीशिवाय जमेल का?

बाळीवेस

नमस्कार. आई (६८), मुलगी (९) आणि मी, अशा तिघी फेब्रुवारीत पाचेक दिवस निघायचं म्हणतोय. थोडी मुंबई, थोडा समुद्र.

आईनं समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय. लग्नानंतर गणपतीपुळ्याला, देवळाच्या आवारातून, पाच मिनिटं. तेवढ्यात एस.टी. सुटायची वेळ झाली. परवा टीव्हीवर लाटा बघता बघता म्हणाली, "एकदा पाण्यात उभं राहायचं राहिलंच बघ." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

अडचणी सांगते. मुलीला गाडी लागते. काचा बंद केलेल्या कारमध्ये तासाभरात उलट्या सुरू. रेल्वेत काही होत नाही, एस.टी.त खिडकीशी बसवली की चालतं. मागच्या वर्षी एकाकडून गाडी ठरवली होती. ठरलेले पैसे वेगळे, घेतलेले वेगळे, आणि मुलीसाठी थांबवा म्हटलं की कपाळाला आठ्या. म्हणून यंदा रेल्वे, बस, बोट, एवढंच.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालते, जिने हळूहळू चढते. शाकाहारी आहे, संकष्टी करते. सिद्धिविनायकाला जायचंय असं तिनं आधीच सांगून ठेवलंय.

सगळे म्हणतात जुहूला जा, झालं. मला गर्दीची चौपाटी नको, आईला हात धरून पाण्यात उभं करता येईल असा किनारा हवाय. अलिबागचं नाव ऐकते. तिकडे बोटीनं खरंच जाता येतं का, आणि तिथल्या समुद्रातल्या किल्ल्यात भरतीमुळे माणसं अडकतात म्हणतात ते कितपत खरं?

---

रोजची_लोकल

पहिले दोन दिवस मुंबईचे धरा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने या, सकाळी सीएसएमटीला उतराल. तिथल्याच रिटायरिंग रूमचं तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुकिंग होतं. मिळाली तर खोली शोधत फिरायला नको. नाही मिळाली तर बॅगांना कुलूप लावून क्लोक रूममध्ये ठेवा आणि दादरकडे साधं लॉज बघा.

गुडघ्यांसाठी मोठी सोय म्हणजे भुयारी मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. सीएसएमटीला बसायचं आणि सिद्धिविनायक नावाच्याच स्टेशनवर उतरायचं. लिफ्ट आहेत. आईला लोकलच्या पुलांवर चढवू नका, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तर लोकलचा विचारही नको. संध्याकाळी मेट्रोनेच चर्चगेटला जा, तिथून मरीन ड्राइव्हचा कठडा चालत पाच-सात मिनिटांवर आहे. सूर्य मावळेपर्यंत बसा.

मुलीला दुमजली बस दाखवा. जुन्या लाल डिझेलच्या २०२३ मध्ये बंद झाल्या, आता विजेवरच्या आल्यात. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे ११५ नंबरची जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा.

---

आक्षीकर

ताई, मी अलिबागजवळच्या आक्षीचा. नोकरी मुंबईत, फोर्ट भागात. बारा वर्षं सोमवारी सकाळच्या लाँचने मुंबई आणि शुक्रवारी संध्याकाळी परत, असं केलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हो, बोटीनं जाता येतं, आणि तुमच्यासाठी तेच उत्तम. गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून मांडव्याला लाँच सुटतात. पीएनपी, मालदार, अजंठा अशा कंपन्या आहेत, तिकीटखिडक्या तिथेच. पाण्यातून साधारण तास. मांडव्याला उतरलात की अलिबागची बस उभी असते, तिचं भाडं लाँचच्या तिकिटातच धरलेलं असतं. म्हणून तिकीट फेकू नका. अलिबागला उतरल्या उतरल्या त्याच कंपनीच्या ऑफिसात परतीच्या बसची वेळ विचारून घ्या. रात्री लाँच नाहीत, आणि रविवारी संध्याकाळी मांडव्याला झुंबड असते, त्या वेळी परतू नका.

मुलीला आत बसवू नका. वरच्या डेकवर वाऱ्यात बसली की काही होणार नाही. थंडीत समुद्रपक्षी लाँचच्या मागे मांडव्यापर्यंत उडत येतात. लोक त्यांना वेफर्स टाकतात, तुम्ही टाकू नका, नुसतं बघायलाच फार छान वाटतं. आईंना मात्र गेटवेच्या पायऱ्या जपून उतरवा. ओल्या असतात आणि लाँच हलत असते. खलाशी हात देतो, त्याचा हात मनगटाशी धरायला सांगा आणि लाट वर आली की पाय टाकायचा. घाई केली तरच पडायला होतं. पायऱ्यांची फारच धास्ती वाटली तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट आहे, तिच्यात सपाट उतारावरून चालत जाता येतं. पण मांडव्याहून पुढची सोय मग तुमची तुम्हाला बघावी लागेल.

आता किल्ला. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. माणसं अडकतात ती वेळ न बघता गेल्यामुळे. आमच्याकडे वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण फसवत नाही.

पण नुसती वेळ बघून भागत नाही. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. भर दुपारी ओहोटी आहे म्हणून लोक खूश होऊन येतात आणि वाटेत गुडघाभर पाणी तसंच असतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. पहाटे तुम्ही उठणार कधी आणि संध्याकाळी गेलं की परतताना अंधार. मग चांगले दिवस उरतात ते पौर्णिमेनंतरचे: द्वितीया, तृतीया, चतुर्थी. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी आठ-नऊला येते.

तुम्ही संकष्टी लिहिलंत आणि मी तिथेच थांबलो. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी. चार पाऊणे तीन, दुपारी तीनला भरती, सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. बरोबर शिव, विष्णू, सूर्य, देवी असं पंचायतन. आईंना संकष्टीला सकाळी तिथे न्या. चालवू नका, किनाऱ्यावर उंच चाकांचे टांगे असतात, ते थेट दरवाजाशी सोडतात. तो दिवस मंगळवार आला तर अंगारकी, मग गर्दी. ती चुकवा. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंना खारं पाणी असून. मुलीला ती नक्की दाखवा. टांगेवाल्याला परतायची वेळ आधीच विचारा आणि तो सांगेल त्याच्या अर्धा तास आधी निघा.

राहायला अलिबाग गावात राहू नका, नागाव किंवा आमच्या आक्षीत घरगुती खोल्या बघा. अलिबाग स्टँडवरून रेवदंड्याकडे जाणारी एस.टी. किंवा विक्रम, म्हणजे सहा आसनी रिक्षा. आक्षीला सुरुचं बन आहे आणि किनारा सपाट, पाणी हळूहळू खोल होतं. पाण्यात उभं राहायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. सकाळी लवकर न्या, मधल्या आठवड्यात कोणी नसतं. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. वालाचं बिरडं करायला सांगा. उपासाच्या दिवशी चंद्रोदयानंतर मोदक हवे असतील तर तेही, पण सकाळीच सांगा.

आणखी एक, मला आवडतं म्हणून सांगतो. अलिबागच्या किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेनं मोजमापं बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये इकडे आणली. तेव्हापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद इथेच चालू आहे. मुंबईच्या ट्राम कधीच गेल्या, वेधशाळा आहे. आत सहज सोडत नाहीत, पण रस्त्यावरून जाताना मुलीला सांगा.

---

पेणकर

रस्त्याने यायचा विचार कोणी डोक्यात घातला तर: पनवेलहून अलिबागची एस.टी. आहे, पण वडखळला गाड्या अडकल्या की वेळेचा भरवसा नाही. गाडी लागणाऱ्या मुलीला तो त्रास देऊ नका. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात तेव्हा हा रस्ता आणि रो-रो एवढंच राहतं, फेब्रुवारीत गरज नाही.

एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. लेक बारा वर्षांखालची, तिचंही अर्धं. म्हणजे तिघींचं मिळून दीड. आईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा.

काशिदला न्या असं कोणी सुचवलं तर या खेपेला नको. किनारा सुंदर आहे, पण पाण्याला ओढ आहे आणि आईंना दीड तासाची एस.टी. व्हायची.

---

बाळीवेस

जाऊन आलो. ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी सांगते.

सोमवारी रात्री सिद्धेश्वर. मंगळवारी सिद्धिविनायक. मंगळवार असल्यानं रांग मोठी होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मेट्रोच्या लिफ्टमुळे आई दमली नाही. संध्याकाळी मरीन ड्राइव्हला ती कठड्यावर मांडी घालून बसली आणि सोलापूरच्या शेंगा चटणीबरोबर घरची कडक भाकरी खाल्ली. मुलगी ११५ च्या वरच्या मजल्यावरून उतरायलाच तयार नव्हती, आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसनं परत आलो.

बुधवारी दुपारची लाँच. गेटवेच्या पायऱ्यांवर माझ्या पोटात गोळा आला होता. आईनं खलाशाचं मनगट धरलं, लाट वर आली, पाय टाकला. तो तिला "सावकाश आजी, बोट कुठे जात नाही" म्हणाला. मुलीला वरच्या डेकवर काहीही झालं नाही. पक्षी अगदी मांडव्यापर्यंत आले, तिनं एकही वेफर टाकला नाही आणि शेजारच्या दोन मुलांनाही टाकू दिला नाही.

गुरुवारी संकष्टी. आक्षीकर, तुमचा हिशेब नऊचा होता, आम्ही साडेआठला पोचलो तर पाणी पार मागे गेलं होतं. वाळूवर लाटांच्या नक्षीत थोडं थोडं पाणी साचलेलं, त्यातून टांगा गेला. आईनं देवळात अथर्वशीर्ष म्हटलं, गाभाऱ्यासमोर आम्ही तिघीच होतो. विहिरीचं पाणी मुलीनं चाखून पाहिलं आणि खरंच गोड आहे म्हणून ओरडली. टांगेवाल्यानं साडेदहा सांगितलं होतं, आम्ही दहाला बाहेर.

शुक्रवारी पहाटे आक्षीला. आईनं नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि माझा हात धरून घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत पाण्यात गेली. पाऊण तास उभी होती. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते ना, त्याला ती "धरणी चालतेय गं" म्हणत होती. गुडघे दुखतायत का विचारलं तर म्हणाली, "आता विचारू नको."

एक गोष्ट तुम्ही कोणी सांगितली नव्हती. गुरुवारी रात्री उपास सोडायला आम्ही किनाऱ्यावर जाऊन बसलो, चंद्र पाण्यातून वर येईल म्हणून समुद्राकडे तोंड करून. साडेनऊ होऊन गेले तरी काही नाही. मग घरमालकीणबाईंनी मागून हाक मारली. चंद्र आमच्या पाठीशी, सुरुच्या बनावर आला होता. आईनं तिकडे वळून हात जोडले. मोदक डब्यात अजून गरम होते.