मदत हवी आहे: बंद पडलेल्या थिएटरच्या संहिता कुठे मिळतील?

मालवणात बंदराजवळच्या जुन्या गोदामात आमच्याकडच्या मंडळींनी छोटं प्रायोगिक थिएटर चालवलं होतं. पंख्यांची बोंब, पण धाडस भारी: दशावतारातला संकासुर थेट ग्रामसभेत आणून बसवला, तोही एकाच बाकड्यावर! गोदाम विकलं गेलं नि सगळं थांबलं.

आता त्या नाटकांचं अभिवाचन करायचंय. लेखक हयात नाहीत, घरच्यांची लेखी परवानगी आहे. अडचण संहितांची. टंकलिखित प्रती वाळवीने खाल्ल्या. कॅसेटना बुरशी, एक कशीबशी वाजली तर संवादांपेक्षा पत्र्यावरचा पाऊसच जास्त. जुने नट, वाचनालय, वर्तमानपत्रांच्या फायली पाहून झाल्या. तिथे फक्त जाहिराती सापडल्या, म्हणजे नावं आणि तारखा हाताशी आहेत.

त्यातली दोन नाटकं १९८०च्या दशकात राज्य नाट्य स्पर्धेत झाली होती, त्यामुळे संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी संहिता तपासून प्रमाणपत्र देणारं सरकारी मंडळ) गेल्या असणारच. प्रमाणपत्र क्रमांक मात्र नाही. मुंबईला खेप घालण्याआधी विचारतो: नुसतं नाव आणि वर्ष देऊन मंडळाकडून इतक्या जुन्या संहितेची प्रत कुणाला मिळाली आहे का? आणि अर्ज वारसांच्या नावे करायचा की संस्थेच्या?