काउंटरवरच्या माणसामुळे फरक पडतोच

'महाग, हटके कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक नेटवर वाचून, ठरवूनच येतं. सेल्समनच्या बोलण्यानं काही होत नाही,' हे मत मला अजिबात पटलं नाही. निदान आमच्या नागपुरात तरी.

इथून ताडोबा-पेंच जवळ. त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारात कॅमेरा विचारला की सेल्समनचा हात सवयीनं लांबचे प्राणी टिपणाऱ्या १५०-६०० मिमीच्या झूम लेन्सकडेच जातो. त्यात फुजीफिल्मचा २०२४ चा एक्स१००व्हीआय हा कॅमेरा मागे पडतो. लेन्स बदलता येत नाही, झूम नाही, किंमत लाखाच्या वर. कागदावर सौदा तोट्याचाच वाटतो. पण तोच सेल्समन कॅमेरा हातात देऊन पुढचा खटका ओढायला लावतो, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) ऑप्टिकलवरून, म्हणजे थेट काचेतून दिसण्यावरून, इलेक्ट्रॉनिकवर, म्हणजे छोट्या पडद्यावर, जातो, शटरचा आवाज जेमतेम ऐकू येतो, तेव्हा गिऱ्हाईक रेंगाळतं. नेटवरचा वैशिष्ट्यांचा तक्ता वाचून हे कळत नाही.

पेंटॅक्सचा के-३ मार्क ३ मोनोक्रोम (२०२३) तर फक्त कृष्णधवलच फोटो काढतो. सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) रंगांची जाळी नसल्यानं बारकावे जास्त उमटतात, हे सांगणाराच भेटला नाही, तर एवढे पैसे कोण मोजेल? आणि मोठ्या ब्रँडच्या विक्रीवर सेल्समनला इन्सेंटिव्ह (जादा पैसे) असेल तर सांगणारा तिकडेच वळवणार. म्हणून दुकानात गेलात की आधी हाताळून बघायला चार्ज केलेला डेमो पीस मागा.